पिकअपची होडी

आमची आय पहिल्यांदा त्या पिकअपमध्ये बसली तेव्हा तिचा उजवा पाय तळाच्या पत्र्यातून आरपार खाली गेला. गाडी उभी होती म्हणून निभावलं. एक पाय गाडीत, दुसरा वेसाव्याच्या वाळूवर आणि हात दाराच्या मुठीवर, अशी ती थोडा वेळ बसून राहिली. चेहरा असा की मोटारीत बसायची रीतच ही असते. भोवती सगळी गल्ली जमली होती, पण हसायचं धाडस कुणाला होईना. शेवटी शेजारची धाकलीमावशी पुढे झाली, वाकून गाडीखाली बघून आली आणि म्हणाली की बरं झालं, ब्रेक नाही लागला तरी पाय टेकून थांबवता येईल. मग पहिली हसली ती आयच. इतकी हसली की पाय वर काढताना पोटरीला पत्रा लागून रक्त आलं, तेही तिला धाकलीमावशीनंच दाखवलं. हळद भरली, फडकं बांधलं, आणि त्या फडक्यासकट ती पुन्हा गाडीत चढली, या वेळी पाय वर घेऊन, मांडी घालून.

ही पिकअप अंधेरीच्या एका बर्फाच्या कारखान्याची होती. बरीच वर्षं तिनं बर्फ आणि मीठ वाहिलं होतं, त्यामुळे वरून निळी आणि आतून शिळ्या पापडासारखी झाली होती. बोट टेकवलं की खपली पडायची. आय आणि गल्लीतल्या सहा जणी, अशा सातजणींनी मिळून ती घेतली आणि घेतल्यावर पुरुषांना सांगितलं. आमचे बाबा होडीचे नाखवा, समुद्रावर त्यांचा शब्द चालायचा. घरी आल्यावर ते कशाला नाही म्हणत नसत, कारण कुणी त्यांना विचारतच नसे. घरात शब्द चालायचा तो आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तळाच्या भोकातून वाळू दिसते का ते वाकून बघितलं आणि विचारलं, हिला ओढत आणली का रडत. खरं तर ओढतच आणली होती. सात बंगल्यांच्या अलीकडे ती बंद पडली, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी दोर बांधून, होड्या ओढताना देतात तसाच आवाज देत, ती आमच्या अंगणापर्यंत खेचली.

आता आयला ही गाडी कशासाठी हवी होती ते सांगते. या सातजणी रोज अंधेरीच्या बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी, विकायला जायच्या, डोक्यावर पाट्या घेऊन. बसमध्ये पाटी चढवली की कंडक्टर नाक दाबायचा आणि आतले उतारू त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचे. टांगा मिळाला तर त्यात दोघी, बाकीच्या चालत. आय नेहमी चालणाऱ्यांत, कारण तिचे पाय मजबूत आहेत असं सगळ्यांचं मत होतं. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी तिची मान आखडली. मागून हाक मारली तर ती अख्खी वळायची. डॉक्टरनं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलं आणि आयनं त्याला दोन सुरमई देऊन विचारलं की मग कशावर घेऊ. नारळी पुनवेला होड्या पुन्हा समुद्रात जातील, ताजं म्हावरं येईल, तेव्हा मी बाजारात बसून जाणार, एवढंच तिचं म्हणणं होतं. गेले तर बसून, नाहीतर यंदा बाजार बंद. हे ती भांडी घासताना, बोंबील निवडताना, माझे केस विंचरताना सारखी बोलायची, आणि बोलताना मान जराशी तिरकी धरायची. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, शाळेत हुशार आणि घरात आगाऊ. मला वाटायचं की हिला बसून जायला मिळालं नाही तर ही खरंच संपेल.

(आता मी कांदिवलीला नवव्या मजल्यावर राहते. मासळी साफ होऊन पिशवीतून दारात येते. माझ्या मुलाच्या गाडीला दाराखाली गंजाचा एवढासा ठिपका आला तर तो तीन दिवस अस्वस्थ होता. मी त्याला म्हटलं, पाय आरपार जाईतो काळजी करू नये. त्याला वाटलं मी म्हातारपणानं काहीतरी बोलते आहे.)

गाडी घ्यायचा सल्ला साळवेकाकांचा. ते अंधेरीला एका कारखान्यात वेल्डर होते, मूळचे साताऱ्याकडचे. मासे खायला ते मुंबईत येऊन शिकले, पण शिकले ते असे की आयच्या पाटीतला बोंबील कालचा की आजचा हे लांबून सांगायचे. बुद्धजयंतीला त्यांच्या घरून आमच्याकडे खिरीचा डबा यायचा आणि आय तो डबा कधी रिकामा परत करत नसे. सुकट घातलेल्या त्या डब्यात पुढच्या वर्षीची खीर कशी लागत असेल देव जाणे. त्यांनी इंजिन बघून सांगितलं होतं की यंत्र ठणठणीत आहे, फक्त अंग गेलंय, ते मी सुट्टीच्या दिवशी येऊन करून देईन. पहिल्या सुट्टीला ते आले, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि तारेच्या ब्रशनं तळ घासायला बसले. त्यांच्या हिशेबानं एका माणसाचं तीन महिन्यांचं काम होतं. पण त्यांना आमच्या आषाढाची कल्पना नव्हती.

पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. ज्यांचे हात आठ महिने दोर ओढतात त्या पुरुषांना मग दिवसभर घरी बसावं लागतं. जाळी दुरुस्त होतात, पत्ते खेळून होतात, एकमेकांच्या होड्यांना नावं ठेवून होतात, आणि मग ते स्वयंपाकघरात डोकावायला लागतात. बायका या दिवसांना फार भितात. त्यामुळे अंगणात एक मोडकी गाडी आहे आणि तिला दुरुस्तीची गरज आहे, ही बातमी गल्लीभर पसरली तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अकरा पुरुष होते. जुनं शीड काढून गाडीवर मांडवासारखं बांधलं गेलं, त्याखाली सगळे दाटीनं बसले आणि खरवडायला लागले. कुणाकडे पटाशी, कुणाकडे कोयता, बाबांकडे माशांची खवलं काढायची सुरी. दिवसभर खर्रखर्र आवाज. गंज इतका निघाला की चहाच्या कपांत, भाकरीवर, बाबांच्या मिशीत, सगळीकडे तांबूस भुगा. दुपारी परातभर तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेले सुके बोंबील, वर कच्चा कांदा. बोंबलाचा खमंग वास आणि गंजाचा ओला वास, दोन्ही एकदम आले की अजून मला तो मांडव दिसतो.

आबांनी सुरुवातीला लांब बसून नाक मुरडलं. लाकूड हे झाडाचं असतं, त्याला बोलता येतं, लोखंडाशी काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. पण एक दिवस त्यांना राहवेना. ते उठले, लाकडी हातोडी घेतली आणि गाडीच्या अंगावर ठकठक करत फिरू लागले. होडीची फळी आतून कुजली आहे का हे ते असंच ओळखायचे, डोळे मिटून. ठक म्हणजे जिवंत, थप म्हणजे मेलेली. मला कोळसा घेऊन मागे उभं केलं. ते थप म्हणाले की मी तिथे फुली मारायची. वरून रंग शाबूत दिसतो अशा ठिकाणीही त्यांनी फुल्या मारायला लावल्या, आणि बाबा हळूच म्हणाले की म्हातारा गाडी चाळणी करणार. पुढच्या सुट्टीला साळवेकाका आले, एका फुलीवर पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीवर टेकवला, तोही गेला. साळवेकाकांनी उठून आबांच्या पायांना हात लावला. त्या दिवसापासून आबा गाडीपासून हलेनात.

साळवेकाकांनी हातगाडीवरून वेल्डिंगचं सामान आणलं त्या दिवशी तर जत्राच भरली. मेलेला पत्रा कापून काढायचा, नवीन तुकडा बसवायचा आणि जोडायचा. निळी ज्योत पेटली की सगळी गल्ली एक पाऊल मागे जायची आणि विझली की दोन पावलं पुढे यायची. त्यांच्याकडे काळ्या काचेचा एकच जादा चष्मा होता. तो लावून बघायला रांग लागली, त्यात धाकलीमावशीनं तीनदा नंबर लावला आणि दर वेळी सांगितलं की काहीच दिसत नाही. पत्रा कुठून आणायचा हा प्रश्न आयनं सोडवला. तिनं दारातली रिकामी तेलाची पिंपं दाखवली. त्यामुळे आमच्या गाडीच्या तळाला आतल्या बाजूनं एका गोडेतेलाच्या जाहिरातीचं चित्र होतं, हसणारी बाई, आणि तिच्या नाकावर टाक्याची रेघ. संध्याकाळी सगळ्या जोडांवर विटकरी रंगाचा प्रायमर लागला. जाताना साळवेकाका म्हणाले, आता हात लावू नका, दोन आठवडे मला सुट्टी नाही, मग येऊन रंग देतो.

हात लावू नका हे वाक्य त्यांनी अकरा रिकाम्या कोळ्यांना सांगितलं होतं. दोन दिवस त्यांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी आबांनी मागच्या हौद्यात उतरून तळ न्याहाळला आणि त्यांना धक्काच बसला. जागोजागी भोकं तशीच होती, बोटभर रुंदीची, अगदी गोल. साळवे दमला असेल, राहून गेलं असेल, असं सगळ्यांचं एकमत झालं. तळाला भोक म्हणजे काय हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. आबांनी कापसाच्या वाती वळायला लावल्या, त्या राळेत आणि तेलात बुडवल्या, आणि लाकडी हातोडीनं एकेका भोकात, एकेका फटीत ठोकून बसवल्या. मागचं फळकं बिजागरीवर उघडायचं, त्याच्या कडाही भरल्या. उघडायचं असेल तेव्हा बघू. मग सगळ्या अंगाला, आतून-बाहेरून, मुशी माशाच्या कलेजीचं तेल चोपडलं, होडीला चोपडतात तसं, तीन हात. ज्याला हा वास माहीत नाही त्याला सांगून कळायचा नाही आणि ज्याला माहीत आहे त्यानं वाचता वाचता नाक धरलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी टपावर, बॉनेटवर, चाकांवर मिळून साऱ्या वेसाव्याची मांजरं गाडी चाटत बसली होती. एक काळं मांजर स्टिअरिंगवर झोपलं होतं. हाकलली की जायची आणि नातेवाईक घेऊन परत यायची.

तेल सुकल्यावर आबा लांब जाऊन उभे राहिले आणि गाडीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मी असं कौतुक फक्त नवीन होडीसाठी बघितलं होतं. दोन दिवसांनी चांगला वार बघून पूजा करायची ठरली. शीड सोडून काढलं. गाडीला हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढच्या बाजूला छोटा झेंडा, नारळ. आयनं त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि अंबाड्याला सुरंगीचा गजरा नव्हता मिळाला म्हणून अबोलीचा माळला होता. नारळ फुटला, सगळ्यांना खोबरं वाटलं, आणि आय पदर खोचून दाराकडे गेली. तिनं मूठ फिरवली, एक पाय उचलला.

"थांब गो," आबा म्हणाले. "होरीवर बाई पाय ठेवत नाय."

आमच्या घरात हा नियम होता, पिढ्यान् पिढ्यांचा. होडी काठावर असली तरी बाईनं तिच्यावर चढायचं नाही. कारण कुणाला माहीत नव्हतं आणि मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण होडीवर चढून आम्हाला करायचं काय होतं? आय उचललेला पाय तसाच धरून उभी राहिली.

"ही होरी हाय?"

"आता हाय. राळ भरली, तेल दिलं, नारळ फोडला. मी माज्या हातानं केली."

त्यात चेष्टा नव्हती. आबा खोटं बोलत नसत आणि कुरापत काढायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी खरंच त्या लोखंडाची होडी केली होती, आणि होडी झाल्यावर तिचे नियम तिला लागू झाले, इतकं ते सरळ होतं. हवं तर पाट्या गाडीतून जातील, बाया मागून चालत येतील, असंही त्यांनी समजुतीनं सुचवलं. गल्लीतले पुरुष आपापल्या पायांकडे बघायला लागले. बाबांनी आभाळाकडे बघून पाऊस येईल असं वाटतं म्हणून सांगितलं. आयनं पाय खाली घेतला, पदर सोडला आणि घरात गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं उखळ ओढलं आणि सुकी मिरची कांडायला बसली, आणि दर घावाला मान दुखत असणार, पण ती थांबली नाही. मला आबांचा इतका राग आला की मी त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घालायला निघाले होते. धाकलीमावशीनं हात धरला. त्या दिवशी संध्याकाळी सातही घरांत पुरुषांच्या ताटात नुसता भात पडला. भातावर काय असं कुणी विचारलं नाही.

त्या रात्री पाऊस आला तो बादल्या उलट्या केल्यासारखा. आमच्या अंगणात पत्र्याच्या पागोळ्या जिथे एकत्र येऊन पडायच्या, नेमकी तिथेच गाडी होती, कारण पूजेला लोकांना उभं राहायला जागा हवी म्हणून ती मागे ढकलली होती. सकाळी उघडीप पडली आणि मी कळशी घेऊन बाहेर आले. गाडी खाली बसली होती. चाकं चेपली होती, आणि मागचा हौदा काठोकाठ भरला होता. एक थेंब खाली गळत नव्हता. त्या स्वच्छ पाण्याच्या तळाशी ती गोडेतेलवाली बाई माझ्याकडे बघून हसत होती. मी ओरडले नाही, आत जाऊन आयला हातानं धरून घेऊन आले.

आयनं एक नजर पाण्याकडे टाकली. मग कालपासून पहिल्यांदा तिचे ओठ हसायला लागले. आमच्या गल्लीत तेव्हा सगळ्यांत मिळून एक नळ, तो यायचा करंगळीएवढा आणि जायचा न सांगता. ती आत गेली, घरातल्या सगळ्या गोधड्या काखेत मारून आणल्या, धाकलीमावशीला हाक दिली, मागच्या चाकावर पाय ठेवला आणि धप्पकन हौद्यात उतरली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं. बघता बघता सातही जणी आत. कुणी गोधड्या तुडवतंय, कुणी कळश्या भरून खाली देतंय, धाकलीमावशी मध्येच बसून चक्क डोकं धुतेय. मीही उतरले. पाणी थंडगार होतं, वास मुशीचा होता आणि आम्ही हसून हसून एकमेकींना धरत होतो. काठावर मांजरं ओळीनं बसून बघत होती.

आबा बाहेर आले ते दात घासता घासता. राखेचं बोट तोंडातच राहिलं. मागोमाग बाबा आणि बाकीचे. आबांनी सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. आय गोधडी तुडवायची थांबली नाही, पण पदर डोक्यावर घेतला, सासऱ्याशी बोलताना घ्यायची तसा.

"ही होरी नाय, आबा," ती म्हणाली. "होरी पानी भायेर ठेवते. ही पानी आत ठेवते. पानी आत ठेवतो तो हंडा. आनि या घरात हंड्याला कंच्या पुरुषानं हात लावला, ते सांगा."

बाबांनी पुन्हा आभाळाकडे बघितलं, पण ते निरभ्र होतं. आबांनी तोंड खळखळून धुतलं, उपरण्याला पुसलं आणि गाडीजवळ आले. मला वाटलं आता हे शिव्या देणार. त्यांनी डोळे मिटले आणि मुठीनं गाडीच्या अंगावर मारलं. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. मी जन्मात कुणाच्या तोंडाकडे इतका जीव लावून बघितलं नसेल. पाण्यातल्या सगळ्या बाया हलायच्या थांबल्या, आणि आय गोधडीवर उभी राहून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती. त्यांनी पुन्हा एकदा ठोकलं, कान टेकवला.

"भरल्या हंड्याचाच आवाज हाय," ते म्हणाले.

साळवेकाका दोन आठवड्यांनी सुट्टीला आले तेव्हा गाडीत गोधड्या भिजत होत्या. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. भोकं राहून गेली नव्हती, मुद्दाम ठेवली होती. बर्फ वितळला की ते पाणी खाली जायला. तुम्ही बुजवलीत तर खारं पाणी आत तुंबेल आणि वर्षभरात पुन्हा पाय आरपार. पण तेलाखालचा पत्रा खरवडून बघितला तर गंजाचा एक कण नव्हता, आणि त्यांनी आबांना विचारून त्या तेलाची बाटली स्वतःच्या कारखान्यासाठी भरून घेतली. मग कापसाच्या वाती एकेक करून उपसून काढल्या. गाडीखाली बारीक धारा लागल्या आणि हौदा रिकामा होत गेला. आबांच्या कपाळावर आठी पडली. आता पाणी आत राहत नाही, मग हंडा कसा म्हणायचा, असं ते स्वतःशीच पुटपुटले. आय हातातली पिळलेली गोधडी झटकत शांतपणे म्हणाली की बुडाला एवढी भोकं असलेली होडी आबा कधी पाण्यात घालतील का. आबांनी तिच्याकडे बघितलं, भोकांकडे बघितलं, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताना आवाज करत नसत. बराच वेळ हसले, डोळे पुसले आणि आपल्या हातानं दार उघडून धरलं.

नारळी पुनव झाली, होड्या गेल्या, आणि आठवड्यानं पहिलं मोठं म्हावरं आलं. साळवेकाकांची दुपारपाळी होती, म्हणून गाडी तेच चालवणार होते. मागे सहाजणी आणि सगळ्या पाट्या, पुढे ते, मध्ये मी, खिडकीशी आय. सकाळचं कोवळं ऊन, ताडांच्या मधून जाणारा तो रस्ता, मागून धाकलीमावशी कुणाकुणाला हाका मारतेय, आणि आमच्या मागे गल्लीतली सगळी मांजरं कोपऱ्यापर्यंत धावत आलेली. आय ताठ बसली होती, दोन्ही पाय जुळवून. कोपऱ्यावर पहिला खड्डा आला, गाडी उसळली, आणि तिचा उजवा हात झटकन वर गेला आणि डोक्यावरची पाटी धरू लागला.

पाटी नव्हती. तिच्या हातात नुसती हवा आली. हात तसाच वर ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि बघताना मान वळली, थोडीशी.

"बग गो जयू," ती म्हणाली, "काय नाय."

मग आम्ही दोघी जे हसलो ते साळवेकाकांना गाडी हळू करावी लागली. दुसरा खड्डा आला, हात वर गेला. तिसरा आला, पुन्हा गेला. मला हसताना रडू येत होतं आणि का ते तेव्हा सांगता आलं नसतं. अंधेरीपर्यंत त्या रस्त्याला खड्डे पुष्कळ होते. बाजाराच्या अगदी तोंडाशी एक मोठा आला, मागच्या सहाजणी किंचाळल्या, माझं डोकं टपाला लागलं, आणि आयचा हात मांडीवरून हलला नाही.